डेअरी आणि फूड प्लांटमधलं मेंटेनन्सचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिटर ट्रेडचा. आयटीआय झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेअरीत अप्रेंटिस म्हणून लागलो, तिथेच अकरा वर्षं काढली, मग बिस्किटांच्या कारखान्यात गेलो आणि आता सॉस-लोणच्यांच्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. दरवर्षी नवी पोरं येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं बरीचशी डेअरीची आहेत, कारण माझा हात तिथे बसला.

हे काम नेमकं असतं काय?

दूध, बिस्कीट, फरसाण, सॉस, जे काही बनतं ते बनवणारी यंत्रं चालती ठेवायची. बिघाड झाला की धावायचं, याला ब्रेकडाउन म्हणतात. बिघाड होऊ नये म्हणून ठरल्या तारखेला उघडून बघायचं, याला पीएम म्हणतात. या दोन्हींत पंप, मोटार, गिअरबॉक्स, कन्व्हेअर, पॅकिंग मशीन, हवेचे कॉम्प्रेसर, बॉयलरची वाफ, थंडाव्याची लाइन, सेन्सर, पॅनेल असं सगळं येतं. मोठ्या प्लांटमध्ये मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि युटिलिटी असे चार गट असतात. छोट्या प्लांटमध्ये हे चारही गट म्हणजे रात्रपाळीचे तुम्ही एकटे.

बाकी कारखान्यांत माल थांबवून ठेवता येतो. लोखंडाचा गज आठ दिवस पडून राहिला तरी गजच राहतो. टँकरमध्ये आलेलं दूध मात्र तुमच्या गॅस्केटची वाट बघत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं संकलन ठरलेलं, म्हशी ब्रेकडाउन बघून दूध द्यायच्या थांबत नाहीत. या धंद्यातली सगळी घाई आणि बरीचशी भांडणं त्यातूनच येतात.

आयटीआयला कोणता ट्रेड घेऊ?

फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, दोन्ही दोन वर्षांचे आणि दोन्हींना मागणी आहे. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेल्याला डेअरी, आइस्क्रीम आणि कोल्ड स्टोरेजवाले शोधत असतात, आणि पोरं तिकडे कमी जातात. हे माझ्या मते चुकतं. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचंही तसंच. नुसता वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो, पण ज्याला स्टेनलेसच्या पाइपवर आर्गॉन वेल्डिंग सफाईनं जमतं त्याच्याकडे कंत्राटदार स्वतः गाडी पाठवतात.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप टाळू नका. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ती करता येते, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पैसे थोडे असतात. पण त्या वर्षात चुका करायची मुभा असते, नंतर ती मिळत नाही.

डिप्लोमावाल्यांनी हे काम करावं का?

करावं, पण पहिली दोन वर्षं पाना हातात धरायची तयारी ठेवून. डिप्लोमा झालेला मुलगा सुपरवायझर म्हणून लागतो, आणि वीस वर्षं काम केलेला फिटर त्याला पहिल्याच आठवड्यात जोखतो. विचारून शिकणाऱ्याला फिटर सगळं देतात. एक्सेल शीट भरून घेणाऱ्याला फक्त "हो साहेब" मिळतं.

जाता जाता सांगतो. १९४९ साली आणंदला पोचलेले, पुढे अमूल उभं करणारे व्हर्गीस कुरियन हेही मूळचे इंजिनिअरच. खेडा संघाची जुनाट यंत्रं सारखी बंद पडायची, ती दुरुस्त करून करून थकल्यावर त्यांनीच संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेलांना नवा पाश्चरायझर घ्यायला लावला. बंद पडणारं मशीन किती वेळा जुळवत बसायचं आणि बदला म्हणून कधी सांगायचं, हा प्रश्न आमच्याकडे अजून रोज असतो.

मी ऑटो पार्ट्सच्या कारखान्यातून येतोय. इथे वेगळं काय शिकावं लागेल?

मशीन तीच असतात. सवयी मोडाव्या लागतात.

पहिली गोष्ट ग्रीसची. जिथे तेल-वंगण अन्नाला लागण्याची थोडीही शक्यता आहे तिथे फूड ग्रेड वंगणच वापरायचं, डब्यावर एच-१ लिहिलेलं असतं. साधी आणि फूड ग्रेड अशा दोन ग्रीस गन वेगळ्या रंगाच्या ठेवतात. चुकून अदलाबदल झाली तर ती लपवू नका, कारण तुम्ही लपवलेलं ऑडिटर नव्हे, तर कुणाचं तरी लहान मूल शोधून काढेल.

दुसरी गोष्ट मोजण्याची. लाइनवर जाताना टूलबॅगेत किती पाने, किती नट-बोल्ट, किती वॉशर नेले ते लिहायचं, आणि बाहेर येताना तेवढेच मोजून दाखवायचे. नव्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता. दुसऱ्या वर्षी पाऊच भरायच्या मशीनवर काम करून मी बाहेर आलो आणि एक स्प्रिंग वॉशर कमी भरला. सहा मिलिमीटरच्या बोल्टचा, करंगळीच्या नखाएवढा. क्वालिटीच्या मॅडमनी लाइन थांबवली आणि त्या वेळात भरलेली सगळी क्रेट बाजूला काढायला लावली. तीन तास आम्ही चौघं गुडघ्यावर बसून टॉर्च मारत होतो. वॉशर सापडला माझ्याच बुटाच्या खाचेत, ग्रीसला चिकटलेला. त्या दिवसापासून मी लाइनवरून बाहेर येताना बूट उलटा करून बघतो. अजूनही.

तिसरी गोष्ट जुगाडाची. इन्सुलेशन टेप, बाइंडिंग वायर, सुतळी, पुठ्ठा, हे आपले जिवाभावाचे सोबती प्रॉडक्शन एरियात चालत नाहीत. तात्पुरती दुरुस्ती करावीच लागली तर ती नोंदवून, तारीख टाकून, ठरल्या दिवशी काढायची. बोटाला कापलं तर साधी पट्टी लावायची नाही. निळी, मेटल डिटेक्टरमध्ये सापडेल अशी पट्टी देतात. निळी का, तर निळ्या रंगाचं अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे पडली तर डोळ्यांत भरते.

चौथी, आणि सगळ्यांत अवघड: मशीन सुरू झालं म्हणजे काम संपलं असं होत नाही. तुम्ही उघडलेला भाग धुतला जातो, क्वालिटीवाले स्वॅब (जंतू तपासायला बोळ्यानं पुसून घेतलेला नमुना) घेतात किंवा निदान डोळ्यांनी तपासतात, आणि मग लाइन त्यांच्या सहीनं सुरू होते. ऑटोच्या कारखान्यात "झालं, चालू कर" म्हणून निघून जायची सवय असते. इथे त्या अर्ध्या तासासाठी थांबायला शिकावं लागतं.

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही ना?

लागतो. ३०४ ग्रेडचं स्टील क्लोरीनला घाबरतं. कुणीतरी हायपोक्लोराइटचं पाणी टाकीत रात्रभर ठेवलं की सकाळी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसायला लागतात. मिठाच्या आणि लोणच्याच्या कामाला म्हणूनच ३१६ वापरतात, तरी त्याचीही मर्यादा आहे. साध्या लोखंडावर वापरलेला वायर ब्रश किंवा ग्राइंडिंगचं चाक स्टेनलेसवर वापरू नका. लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच तांबूस डाग सुरू होतात. वेल्ड आतून गुळगुळीत हवा. बाहेरून कितीही सुंदर दिसला आणि आत खाच राहिली, तर त्या खाचेत दूध बसतं आणि जंतूंची वसाहत होते.

रोजच्या रोज कोणते बिघाड येतात?

पाऊच मशीनची जॉ, म्हणजे पाऊच दाबून चिकटवणारा जबडा. सील उभी आणि आडवी अशी दोन ठिकाणी बसते, गरम पट्टीवर टेफ्लॉनचं कापड असतं, ते जळालं की पाऊच गळायला लागतात. पाऊच गळला की विक्रेत्याचा फोन येतो, त्याचा फोन आला की मार्केटिंगचा येतो, आणि मग आपल्याला कळतं की कापड दोन पाळ्या आधीच बदलायला हवं होतं. त्यानंतर नंबर लागतो पंपाच्या मेकॅनिकल सीलचा, कन्व्हेअरच्या बेअरिंगचा, आणि पावसाळ्यात मोटारच्या टर्मिनल बॉक्समध्ये शिरणाऱ्या पाण्याचा. धुणारे लोक पाण्याचा जेट कुठेही मारतात. पॅनेलवर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून ते पाण्यापासून बचावत नाही. दाराचं रबर कुणीतरी कापलेलं असतं, नाहीतर केबल ग्लँड सैल असते.

पण खरी परीक्षा न दिसणाऱ्या बिघाडाची. एक रात्र सांगतो. ऑगस्टचा पाऊस, पहाटेचे तीन. पाश्चरायझर सारखा डायव्हर्ट मारत होता. न माहीत असणाऱ्यांसाठी: दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद राहायला हवं. होल्डिंग ट्यूबच्या टोकाला तापमान कमी दिसलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध पुढे न सोडता परत बॅलन्स टँककडे वळवतो. तापमान ७१ वर येई, व्हॉल्व्ह खट्‌ करून वळे, मग ७४, पुन्हा सरळ, पुन्हा ७१. खट्‌, खट्‌, खट्‌. बाहेर दोन टँकर उभे, सायलो भरलेले.

प्रॉडक्शनचं म्हणणं, दूध तापवणाऱ्या प्लेटांवर थर बसलाय, उघडा. उघडणं म्हणजे चार-पाच तास गेले. बॉयलरवाला म्हणाला, माझं प्रेशर पुरेपूर आहे. इलेक्ट्रिशियननं सेन्सर बदलून पाहिला, फरक नाही. आमचे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते काही न बोलता वाफेच्या कंट्रोल व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले आणि त्याच्या दांड्यावर बोट ठेवलं. दोन मिनिटांनी म्हणाले, "हा अडखळतोय." व्हॉल्व्ह हवेवर चालतो. त्यांनी हवेच्या लाइनवरच्या फिल्टरची वाटी खोलली, आणि तिच्यातून पाणी सांडलं. ऑटो ड्रेन अडकला होता, एअर ड्रायर दोन दिवस बंद होता आणि ते लॉगबुकमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. ओलसर हवा पोझिशनरमध्ये (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारा भाग) गेल्यानं व्हॉल्व्ह झटके खात उघडत होता. लाइन फुंकून काढली, पोझिशनर पुसून बसवला, वीस मिनिटांत तापमानाची रेघ सरळ झाली.

प्लेटा आम्ही उघडल्या नाहीत. उघडल्या असत्या तर थोडा थर निघालाच असता, "बघा, हेच कारण" असं सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि दुपारी पुन्हा खट्‌ खट्‌ सुरू झालं असतं. त्यानंतर मी कुठल्याही बिघाडाला आधी हवा, पाणी, वाफ, वीज या चार लाइनी तपासतो. मशीनला हात नंतर.

प्लेट हीट एक्स्चेंजर उघडण्यात एवढं काय अवघड?

उघडणं सोपं आहे. बंद करणं जोखमीचं. प्लेटांचा क्रम चुकला तर प्रवाहच बदलतो. प्लेटपॅक किती मिलिमीटरवर आवळायचा ते नेमप्लेटवर लिहिलेलं असतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत, पट्टीनं मोजत जायचं. "गळतंय, अजून आवळ" असं म्हणणाऱ्याला लांब ठेवा, जास्त आवळून प्लेटा वाकतात.

आणखी एक: रीजनरेशन भागात, म्हणजे गरम दुधाच्या उष्णतेवर थंड दूध तापतं तिथे, प्लेटेच्या एका बाजूला कच्चं दूध आणि दुसऱ्या बाजूला पाश्चराइज केलेलं दूध वाहतं. प्लेटेला टाचणीएवढं भोक पडलं तर कच्चं दूध चांगल्यात मिसळू शकतं. म्हणून पाश्चराइज बाजूचं प्रेशर नेहमी जास्त ठेवतात, म्हणजे गळलंच तर उलट दिशेला गळेल. लॅबमध्ये फॉस्फेटेजची चाचणी होते, दूध नीट पाश्चराइज झालं का ते तिच्यात कळतं, ती एकदा बिघडली की सगळे तुमच्याकडे बघतात. गॅस्केटचं रबरही बघून घ्या. ईपीडीएम गरम पाणी आणि कॉस्टिक सोसतं, पण क्रीम-तुपासारख्या फॅटच्या लाइनवर ते फुगतं.

सीआयपी प्रॉडक्शनचं काम ना? आम्हाला काय करायचंय?

सीआयपी म्हणजे पाइप आणि टाक्या न खोलता जागेवरच धुणं. आधी पाणी, मग कॉस्टिक सोडा साधारण एक-दीड टक्क्याचा, ७० ते ८० अंशांला, पुन्हा पाणी, मग सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड, शेवटी पाणी आणि निर्जंतुकीकरण. कॉस्टिक स्निग्धांश आणि प्रथिनं काढतं, अ‍ॅसिड दुधाचा खडा काढतं.

तुम्हाला काय करायचंय? एक तर तुमची कामाची वेळ तीच असते. धुणं चालू असताना पॅकिंग मोकळं असतं. दुसरं, धुणं नीट झालं नाही तर दोष बहुधा यंत्राचा निघतो: टाकीत पाणी फवारणाऱ्या स्प्रे बॉलची भोकं बुजलेली, पंपाचा प्रवाह कमी, कुठेतरी मेलेला पाइपचा तुकडा ज्यात पाणी फिरतच नाही. तिसरं, लाइन खोलायच्या आधी तिच्यात काय आहे ते विचारा. ८० अंशांचं कॉस्टिक तोंडावर आलं तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे आणि "व्हॉल्व्ह बंद आहे रे" या तोंडी वाक्यावर विश्वास न ठेवणं, हे तीन संरक्षक सोबत ठेवा.

अमोनियाची भीती वाटते.

वाटायला हवी. भीती गेलेल्या माणसाबरोबर मी अमोनिया रूममध्ये काम करत नाही.

मोठ्या डेअऱ्या, आइस्क्रीम, मासे आणि कोल्ड स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठी अजून अमोनियाच वापरतात, कारण तो स्वस्त आणि कामाला जबर. उणे ३३ अंशांला उकळतो, त्यामुळे द्रव अंगावर पडला तर भाजल्यासारखी जखम होते. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) झालं की जिवाला धोका. पण वास फार आधी, काही पीपीएमलाच येतो. वास येतोय म्हणजे अजून पळायला वेळ आहे, असं आम्ही नव्या पोरांना सांगतो. वारा कुठून वाहतोय ते बघून आडव्या दिशेनं निघायचं, म्हणून छतावर कापडी विंडसॉक लावलेला असतो. ओला रुमाल नाकाला लावणं म्हणजे बाहेर पडेपर्यंतचा आधार. तो लावून आत जायचं नसतं. आत जायला श्वसनसंच घातलेली, सराव असलेली दोन माणसं लागतात.

जुने लोक गळती शोधायला गंधकाची काडी पेटवतात. अमोनिया असेल तिथे पांढरा धूर होतो. तांबं-पितळ अमोनियाच्या लाइनवर कधीच लावू नका, ते खाऊन टाकतो. आणि ऑइल ड्रेन करताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जाऊ नका. हे वाक्य वाचून हसू येईल, पण जगभरातल्या कितीतरी गळत्या तेल काढतानाच झाल्या आहेत.

अमोनियाखेरीज जिवावर बेतणारं काय?

फिरतं मशीन आणि बंद टाकी. कन्व्हेअर, मिक्सर, पीठ मळायचं यंत्र, स्क्रू, यांत हात घालण्याआधी आयसोलेटर बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, पाटी लावलेली, आणि मग स्टार्टचं बटण दाबून खात्री. याला लोटो म्हणतात. कुलूप साहेबांच्या टेबलावर आणि काम मशीनवर, असं चालत नाही. हवेचं प्रेशर सोडायला विसरतात लोक; वीज बंद असली तरी सिलिंडरमधली हवा बोट चिरडते.

सांडपाण्याच्या खड्ड्यात आणि टाकीत परमिटशिवाय, वायू तपासल्याशिवाय, बाहेर माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकामागोमाग एक असे तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण.

हातातला गंडा, लाल दोरा, अंगठी काढावी लागते का?

हो. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि कुणी मोठ्यानं विचारत नाही. प्रॉडक्शन एरियात अंगठी, घड्याळ, कडं, मनगटाचा दोरा, कानातली बाळी, काहीच चालत नाही. केसांना टोपी, दाढीला जाळी. वारीहून आल्यावर गळ्यात तुळशीची माळ असते, ती काही ठिकाणी शर्टाच्या आत, बंद कॉलरखाली चालवतात, काही ठिकाणी नाही, आधी विचारा. मंगळसूत्राचं तसंच. यात देवाधर्माचा अपमान नाही. दोरा मशीनमध्ये अडकतो आणि तुटला तर फरसाणात जातो, एवढंच.

वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांवरची लस हीसुद्धा अन्न हाताळणाऱ्यांसाठी नियमात आहे. मेंटेनन्सवालेही त्यात येतात.

पाळ्या आणि सुट्ट्यांचं काय?

तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी बदलती. हिवाळ्यात दुधाचा फ्लश, म्हणजे टँकर जास्त. उन्हाळ्यात दूध घटतं, तेव्हा मोठे शटडाउन आणि ओव्हरहॉल काढतात. कोजागिरीला, दिवाळीला, ईदच्या आधी प्लांट फुल लोडवर असतो. कोजागिरीचं आटीव दूध मी घरी लग्नानंतर चौथ्या वर्षी पहिल्यांदा प्यायलो, तेही दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलं. लग्न ठरवताना हे सांगून टाका.

पगार किती?

माझ्या आजूबाजूला बघून सांगतो, हा सरकारी आकडा नव्हे. आयटीआय करून नवा लागलेला ठेकेदाराकडून पंधरा ते वीस हजारांच्या आसपास घेतो. पाच-सहा वर्षं झालेला, एकट्यानं लाइन सांभाळणारा पंचवीस-पस्तीसपर्यंत. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल संगणक) आणि पॅकिंग मशीन दोन्ही येणारा त्याच्या वर. सहकारी संघात कायम झालात तर पगार हळू वाढतो पण झोप लागते.

ओव्हरटाइम दुपटीनं, हा जुन्या कारखाने कायद्यातही नियम होता आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. ठेकेदार "सिंगलनंच देतो" म्हणाला तर तो कायदा सांगत नसून स्वतःची सोय सांगतोय. एका ठिकाणी दोन वर्षं ठेकेदार माझा पीएफ कापायचा आणि भरायचा नाही. पीएफ खात्याचा यूएएन नंबर घ्या, मोबाइलवर पासबुक दर महिन्याला बघा. मी बघत नव्हतो.

मुलींना घेतात का?

घेतात, पण अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल आणि पीएम प्लॅनिंगमध्ये आमच्याकडे दोघी आहेत. रात्रपाळी कायद्यानं आता बंद नाही. संमती, सुरक्षितता आणि ने-आणीची सोय या अटी आहेत. खरी अडचण छोट्या प्लांटमध्ये मेंटेनन्स विभागाला वेगळी चेंजिंग रूम नसण्याची असते. मुलाखतीतच विचारा, लाजू नका.

कोणते परवाने उपयोगी पडतात?

इलेक्ट्रिकलवाल्यांनी तारतंत्रीचा परवाना काढावा, पुढे पर्यवेक्षकाचा. बॉयलर चालवायला द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी बॉयलर अटेंडंटची परीक्षा आहे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला तरी प्रमाणित माणूस लागतोच. हा कागद असलेला माणूस कधी घरी बसत नाही. फूड सेफ्टीचं फॉस्टॅक प्रशिक्षण छोटं असतं, करून टाका.

पीएलसी शिकायला क्लास लावू का?

आधी कंट्रोल वायरिंग वाचायला शिका: रिले, कॉन्टॅक्टर, स्टार-डेल्टा, एनओ-एनसी (एरवी उघडा आणि एरवी बंद असणारा संपर्क). मग क्लास. महिन्याभरात लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) लिहायला शिकून आलेली पोरं असतात, पण मशीन बंद पडल्यावर कोणता इनपुट आला नाही हे दिवा बघून सांगता येत नाही. दहापैकी नऊ वेळा प्रोग्रॅम बरोबर असतो आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरवर पिठाचा थर असतो.

प्रॉडक्शनवाले सारखे भांडतात, काय करावं?

ऑपरेटरला आपला करा. तो आठ तास त्या मशीनशेजारी असतो. "काल दुपारपासून आवाज बदललाय" हे त्यालाच कळतं. त्याचं ऐकून घेतलं नाही की तो पुढच्या वेळी सांगत नाही. पीएमसाठी मशीन देत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यावर मला अजून इलाज सापडलेला नाही. मागणी लेखी टाकतो, नकारही लेखी मागतो. कधी कधी त्यानं काम होतं.

गल्फला संधी आहे?

आहे. सौदीत अल-खर्जकडे मोठ्या डेअऱ्या आहेत आणि आखातातल्या फूड प्लांटांत आपली माणसं बरीच भेटतात. दहावी पास असाल तर पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे वेगळी इमिग्रेशन परवानगी न लागणारा, मिळतो. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि करारात पद "टेक्निशियन"च लिहिलंय ना, ते बघा. हेल्पर म्हणून नेऊन टेक्निशियनचं काम करून घेतलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत.

मुलाखतीत काय विचारतात?

तोंडी थोडं, हातानं जास्त. बेअरिंगवरचा नंबर वाचायला लावतात. हवेचा ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती) आणि दोन्ही बाजूंनी हवेवर चालणारा डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर जोडायला देतात. मोटार मेगर करायला, म्हणजे तिचं इन्सुलेशन मोजायला सांगतात. "मशीन चालू असताना साहेब म्हणाले पटकन हात घालून काढ, तर काय कराल?" असंही विचारतात, आणि "साहेबांचं ऐकीन" असं म्हणणारे असतात. येत नसेल ते येत नाही म्हणा. नखं कापून जा, फूडवाले आधी तेच बघतात.

माझ्या वेळी साहेबांनी टेबलावर एक ओ-रिंग ठेवली आणि विचारलं, ही कुठे बसेल? मी म्हटलं, आधी व्हर्नियर द्या. त्या उत्तरावर तुला घेतलं, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगायचे. मला मात्र आठवतंय, त्या दिवशी बाहेर बाकावर दुसरं कुणीच बसलेलं नव्हतं.